जुन्या गेमिंग पीसीत पैसे घालायचे की नवाच घ्यायचा?

प्रश्न : २०१७ साली इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा घरच्यांनी 'अभ्यासासाठी' असेंबल पीसी घेऊन दिला. आय-फाईव्ह ७४०० प्रोसेसर, एच११० मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर-४ रॅमची एकच पट्टी, १ टीबी हार्ड डिस्क, ४ जीबीचं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड आणि ४५० वॉटचा एसएमपीएस. आता गेम अडखळतात, विंडोज ११ घेत नाही. दुकानदार म्हणतो, "सगळंच बदला." मित्र म्हणतो, "फक्त कार्ड टाक, पाच वर्षं बघायला नको." कुणाचं ऐकू? धाकट्या भावाला 'जीटीए ६' खेळायचाय, तेही डोक्यात आहे.
– एक वाचक, सांगली

उत्तर : दुकानदाराला माल विकायचाय आणि मित्राच्या खिशातून काही जाणार नाही, त्यामुळे दोघांचेही सल्ले तूर्त बाजूला ठेवू. पीसी नेमका कुठे अडतोय ते आधी बघा. त्याला एक रुपयाही लागत नाही.

जो गेम अडखळतो तो सुरू करा, टास्क मॅनेजरमधलं 'परफॉर्मन्स'चं पान उघडं ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं खरोखर खेळा, नुसते मेनूत बसू नका. ग्राफिक्स कार्ड ९५ टक्क्यांच्या वर आणि प्रोसेसर निवांत असेल, तर कार्ड कमी पडतंय. प्रोसेसरचे चारही कोअर शंभरीला टेकलेत आणि कार्ड साठ टक्क्यांवर डुलक्या काढतंय, तर नवं कार्ड टाकून हाती काही लागणार नाही. खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम्स भराभर वाढल्या तर दुखणं कार्डाचं. जिथल्या तिथे राहिल्या तर प्रोसेसरचं किंवा रॅमचं. तुमच्या पीसीवर हा निकाल गेमगणिक बदलेल. 'व्हॅलोरंट', 'काउंटर-स्ट्राइक २' अशा खेळांत बहुधा प्रोसेसर आधी दमेल, मोठ्या कथानकाच्या गेममध्ये कार्ड.

त्याच पानावर रॅम आणि डिस्कचे आकडेही बघा, कारण मला पहिला संशय तिथेच आहे. ८ जीबी रॅममधली दोन-तीन जीबी विंडोज आणि ब्राउझरच खातात. गेमला उरलेली पुरत नाही, मग विंडोज जास्तीचा माल हार्ड डिस्कवर टाकायला लागतं, आणि फिरत्या तबकडीच्या डिस्कला तो वेग झेपत नाही. गेम मध्येच अर्धा सेकंद गोठतो तो असा. त्यातून रॅमची पट्टी एकच असल्यामुळे प्रोसेसरला मेमरीचा एकच रस्ता मिळतो. तशीच दुसरी पट्टी शेजारच्या स्लॉटमध्ये बसवली की दोन रस्ते होतात, आणि चार कोअरच्या प्रोसेसरला त्याचा फरक चांगलाच जाणवतो. वापरलेली ८ जीबीची डीडीआर-४ पट्टी आणि एक साटा एसएसडी, एवढ्यावरच निम्मं अडखळणं थांबण्याची शक्यता आहे. एसएसडीने फ्रेम्स वाढत नाहीत हे मात्र ध्यानात ठेवा. गेम लवकर उघडतो आणि मधले झटके कमी होतात, एवढंच.

पट्टी 'वापरलेली' म्हणालो ते मुद्दाम. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी चिप हव्यात, तीच मागणी कंपन्यांना जास्त किफायतशीर वाटते, आणि घरगुती गिऱ्हाईक रांगेत मागे जातं. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशल' नावाने चालणारा घरगुती रॅम-एसएसडीचा धंदाच बंद करण्याचं जाहीर केलं. म्हणून तुमच्याकडची जुनी पट्टी फुंकून टाकू नका, तिचा हिशेब पुढे येतोय.

कॅबिनेट एकदा उघडाच. आठ-नऊ वर्षांत प्रोसेसरच्या पंख्याखालच्या हीटसिंकवर धुळीचा गालिचा बसलेला असतो आणि थर्मल पेस्ट सुकून खपली झालेली असते. ब्रशने धूळ काढा, पंख्याचं पातं बोटाने धरून मगच ब्लोअर मारा, पेस्ट नवी लावा. गरम झालेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि आपण मात्र 'पीसी म्हातारा झाला' म्हणून मोकळे होतो.

आता एसएमपीएसवरचं स्टिकर वाचा. बाहेर मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलेलं असेल. तिकडे लक्ष देऊ नका, बारीक तक्त्यातला १२ व्होल्टचा रकाना बघा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः त्याच लाईनवर चालतात. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल तर १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॉट, संपला विषय. असेंबल पीसीत प्रोसेसरवर पैसे घालून एसएमपीएस कॅबिनेटबरोबर 'फ्री' घेण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. तुमचं १०५० टीआय कार्ड ७५ वॉटचं. बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबलही लागत नाही, स्लॉटमधून मिळेल तेवढ्यावर भागतं. म्हणून इतकी वर्षं निभावलं. मित्राचं ऐकून उद्या १३० वॉटचं कार्ड त्याच एसएमपीएसवर लावाल, तर भर गेममध्ये पीसी बंद पडेल आणि दोष कार्डाला द्याल.

प्रोसेसरची गोष्ट जरा चीड आणणारी आहे. तुमचा ७४०० हा सातव्या पिढीचा, चार कोअर आणि चारच थ्रेडचा. त्याच २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलने आठवी पिढी आणली, आय-फाईव्हमध्ये थेट सहा कोअर दिले. सॉकेटचं नाव तेच, एलजीए ११५१. प्रोसेसर तुमच्या बोर्डात बसतोही, पण चालत नाही. इंटेलने त्याला ३०० मालिकेचेच बोर्ड लागतील असं ठरवलं. तुमच्या बोर्डावर चढणारा मोठा गडी म्हणजे आय-सेव्हन ७७००, चार कोअर आणि आठ थ्रेड. जुन्या बाजारात तो मिळतो, दुकानदार सुचवतीलही. घेऊ नका. तोही सातव्या पिढीचाच, त्यामुळे विंडोज ११ चा प्रश्न जागच्या जागी राहतो आणि पुढच्या कुठल्याही पीसीत तो कामाला येत नाही. याउलट त्याच साली ज्यांनी एएमडीचा एएम-४ बोर्ड घेतला, त्यांतल्या पुष्कळांना बायॉस अपडेट करून पुढे रायझन ५००० मालिकेपर्यंत जाता आलं. तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तरी कॉलेजात जाणाऱ्या मुलाने ऐकलं असतं का, हा प्रश्न वेगळा.

विंडोजचं थोडक्यात सांगतो. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचं, आणि टीपीएम २.० लागतं. आडवाटेने चढवता येतं, पण मायक्रोसॉफ्ट अशा पीसीची हमी घेत नाही, आणि 'व्हॅलोरंट'सारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट तपासतो. ज्या पीसीवरून यूपीआय आणि नेट बँकिंग चालतं त्यावर असला जुगाड मी करणार नाही.

कार्डाचे दिवसही भरत आलेत. १०५० टीआय ऑक्टोबर २०१६ चं. एनव्हिडियाने त्या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. जुने गेम उद्याही चालतील, चिंता नको. पण डिसेंबर २०२४ मध्ये आलेला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' किंवा मे २०२५ चा 'डूम: द डार्क एजेस' यांना रे ट्रेसिंगची सोय कार्डातच लागते. तुमच्या कार्डात ती नाही, म्हणून सेटिंग कितीही खाली आणलं तरी हे गेम हलणार नाहीत.

भावाच्या 'जीटीए ६'चं बोलायचं तर रॉकस्टारने तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी जाहीर केलाय, १९ नोव्हेंबर २०२६ या तारखेसह. त्या घोषणेत पीसी नाही. 'जीटीए ५' कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. 'रेड डेड रिडेम्प्शन २' लाही पीसी गाठायला वर्षाहून अधिक लागलं. जो गेम पीसीवर कधी येणार हेच ठरलेलं नाही, त्याच्या नावाने आज महागाचं कार्ड घेणं म्हणजे मुलगी बघायच्या आधी मांडव घालणं.

मग करायचं काय? माझं मत दुकानदार आणि मित्र यांच्या मधलं आहे: बोर्ड आणि प्रोसेसर बदला, बाकीचं जमेल तेवढं राखा. आज अगदी नवा एएम-५ बोर्ड घेतलात तर त्याला डीडीआर-५ रॅमच लागते, म्हणजे भडकलेल्या भावात सगळी रॅम नव्याने घ्यावी लागेल. एएम-४ चा बी५५० बोर्ड आणि रायझन ५ ५६०० घेतलात, तर सहा कोअर, बारा थ्रेड मिळतात, विंडोज ११ रीतसर चालतं आणि तुमची डीडीआर-४ पट्टी तिथेही कामाला येते. जुनी पट्टी २४०० च्या वेगाची असेल तर थोडी मागे पडेल, ते चालवून घ्या. एएम-४ चा पुढचा रस्ता संपलाय हे खरं. आणखी पाच वर्षांनी बोर्ड पुन्हा बदलावा लागेल. पण सध्याच्या भावांत हा सौदा मला पटतो. हातात पैसा भरपूर असेल आणि पुढे नुसता प्रोसेसर बदलत राहायचं असेल, तर खुशाल एएम-५ घ्या. तो सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवू, असं एएमडीने सांगितलंय.

एकदम सगळं झेपणार नसेल तर आधी एसएसडी, पट्टी आणि चांगला ५५० वॉटचा एसएमपीएस घ्या. हे तिन्ही आज जुन्या बोर्डावर चालतात आणि उद्या नव्यावर जातात. मग बोर्ड-प्रोसेसर. कार्ड सगळ्यात शेवटी, तेही ८ जीबीच्या खालचं नको. 'इंडियाना जोन्स'ची किमान अट रेडिऑन आरएक्स ६६०० ची आहे, तीच तळरेषा धरा. जुनं कार्ड घेणार असाल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या नाहीतर सांगलीतच, पण समोर अर्धा तास गेम चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडलं तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली, आणि नुसत्या रूपावरून ती ओळखू येत नाहीत.

या सगळ्या यादीची बेरीज नव्या पीसीच्या निम्म्याच्या पुढे जात असेल, तर मात्र दुकानदाराचं ऐका आणि नवाच घ्या. बोर्ड बदलल्यावर विंडोजचं लायसन्स पुन्हा लागू शकतं, तो खर्चही बेरजेत धरा. आणि जे घ्याल त्याचं जीएसटीचं पक्कं बिल घ्या. त्यावर एसएमपीएस आणि कार्ड यांचं नेमकं मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी मागायला गेल्यावर दुकानदार आधी तेच विचारतो.