मात्रा चुकू नये म्हणून

औषधाच्या मापाला आपण उर्दूत खुराक म्हणतो. मराठीत मात्र खुराक म्हणजे आहार. खुराक पहिलवानाचा असतो. औषधाच्या मापाला मराठीत मात्रा म्हणतात. ‘त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही,’ असेही मराठी माणूस बोलतो. आमच्या घरी एकदा खरोखरच मात्रा चालेनाशी झाली होती. ती हकिकत आधी सांगते.

मी तेव्हा सातवीत होते. आमचे घर मालेगावात होते. खाली यंत्रमाग आणि वर आम्ही. नानीला मधुमेह होता. तिला सकाळी २० आणि रात्री १२ युनिट इन्शुलिन टोचावे लागे. अम्मी वेळ कधी चुकवत नसे. तरीही एका महिन्यात नानीची साखर वाढतच गेली. ईद नुकतीच झाली होती. सर्वांनी नानीलाच दोष दिला. “शीरखुर्मा खाल्ला असेल गुपचूप,” असे आम्ही म्हणालो. नानी कळवळून सांगे, “बेटा, एक चमचासुद्धा घेतला नाही.” कोणी ऐकले नाही.

शेवटी डॉक्टरसाहेबांनी घरातली सिरिंज मागवली. ती पाहताच ते म्हणाले, “अहो, ही नारिंगी टोपीची आहे. तुमच्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज लागते.” दुकानात लाल टोपीच्या सिरिंजा संपल्या होत्या. दुकानदाराने दुसऱ्या दिल्या होत्या आणि आम्ही त्या घेतल्या होत्या.

हा टोपीचा रंग इतका महत्त्वाचा का? आपल्या देशात इन्शुलिनच्या बाटल्या बहुधा १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट अशा असतात. लाल टोपीच्या सिरिंजवरील खुणा त्याच हिशेबाने केलेल्या असतात. नारिंगी टोपीच्या सिरिंजवर १ मिलिलिटरचे १०० भाग धरलेले असतात. तिच्यात २० च्या रेघेपर्यंत द्रव भरला, तर तो केवळ ०.२ मिलिलिटर होतो. म्हणजे नानीच्या शरीरात २० ऐवजी ८ युनिट जात होते!

उलटी चूक तर याहून भयंकर आहे. इन्शुलिन पेनच्या काडतुसात १ मिलिलिटरला १०० युनिट असतात. त्यातले औषध कोणी लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत काढले, तर अंगात ५० युनिट जातील. रक्तातील साखर एकदम उतरेल, घाम फुटेल, हातपाय थरथरतील. रोगी बेशुद्ध पडू शकतो. त्याचे प्राणही जाऊ शकतात.

इन्शुलिनचा शोध १९२१ साली कॅनडातील टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी लावला. जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका १४ वर्षांच्या मुलाला देण्यात आले. तोपर्यंत असा आजार झालेली मुले फार काळ जगत नसत. औषध आले, पण एक नवे काम रोग्याच्या घरी आले. रोज सिरिंजवरची बारीक रेघ वाचायची! लाल टोपीच्या १ मिलिलिटर सिरिंजवर एका युनिटची जागा सुमारे दीड मिलिमीटर असते. मधुमेह जुना झाला की दृष्टी अधू होऊ लागते, मोतीबिंदूही लवकर होतो. ज्या आजारात रोज रेघ वाचावी लागते, तोच आजार डोळे नेतो. नानीचेही तसेच झाले. ती रेघ पाहायला खिडकीत जाई आणि तरीही मला हाक मारी.

म्हणून सिरिंजला जोडायची लहान लहान साधने निघाली. नळीवर बसणारे भिंग रेघा मोठ्या करून दाखवते. एका साध्या पट्टीवर बाटली आणि सिरिंज समोरासमोर बसवता येतात. मग थरथरत्या हाताचीही सुई बाटलीच्या रबरी बुचात नेमकी शिरते. अंध व्यक्तींसाठी असेही साधन आहे, की त्याचे चाक फिरवले की प्रत्येक युनिटला ‘खट्’ आवाज होतो. १९८५ साली डेन्मार्कच्या एका कंपनीने इन्शुलिनचे पेन बाजारात आणले. आजच्या पेनमध्ये चकती फिरवून आकडा लावायचा असतो. मात्र केवळ आवाज मोजू नये, आकडाही पाहावा.

आता विचार करा, यंत्रमागाच्या खडखडाटात तो ‘खट्’ कोणाला ऐकू येणार? आमच्या घरी तर शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नसे. तिथे बोटाला जाणवेल असेच साधन हवे होते.

ते मामूंनी तयार केले. मामू माग दुरुस्त करत. त्यांनी प्लॅस्टिकच्या नळीचा छोटा तुकडा कापला आणि त्याची एक बाजू उभी चिरली. सिरिंजचा दट्ट्या थोडा जास्त ओढायचा. मग तो तुकडा दट्ट्याच्या दांडीवर, नळीची कड आणि अंगठ्याची चकती यांच्यामध्ये अडकवायचा. सुई बाटलीतच ठेवून दट्ट्या आत ढकलायचा. चकती तुकड्याला टेकली की दट्ट्या थांबतो. जादा औषध बाटलीत परत जाते आणि नळीत बरोबर २० युनिट उरतात. १२ युनिटांचा तुकडा वेगळा. तो आखूड होता, शिवाय त्यावर मामूंनी एक खाच केली होती. नानी डोळे मिटून सांगे, “हा रातचा.”

डॉक्टरसाहेबांनी दोन्ही तुकडे रेघांशी ताडून पाहिले, तेव्हाच वापराची परवानगी दिली. त्यांनी बजावले, “दुसऱ्या कंपनीची सिरिंज घेतली तर हे तुकडे खोटे ठरतील. मात्रा बदलली तर जुना तुकडा फेकून द्या.” हवेचे बुडबुडे तर तुकड्याला दिसत नाहीत. ते पाहायला अम्मी होतीच.

लहान मुलांच्या पातळ औषधाचेही असेच आहे. ‘एक चमचा’ म्हणजे ५ मिलिलिटर, असे आपण समजतो. पण घरातले चमचे काय एका मापाचे असतात? त्यासाठी बिनसुईची तोंडावाटे द्यायची सिरिंज मिळते. तिच्या टोकाला सुई बसतच नाही. त्यामुळे पिण्याचे औषध चुकून शिरेत टोचले जात नाही. बाटलीच्या तोंडात भोक असलेले बूच बसवतात, त्यात सिरिंज खोचून बाटली उलटी धरतात. औषध सांडत नाही. सिरिंजला छोटी टोपी असेल, तर ती आधी काढून दूर ठेवावी. बाळाच्या घशात ती अडकू शकते.

आता तुम्ही करून पाहा. ५ मिलिलिटरची बिनसुईची नवी सिरिंज आणि पाणी घ्या. औषध मुळीच घेऊ नका. घरातील तीन चमचे पाण्याने भरून प्रत्येकात किती मिलिलिटर मावते, ते मोजा. नंतर सिरिंज ३ मिलिलिटरपर्यंत भरा. नळीची कड आणि चकती यांमधील अंतर पट्टीने मोजा. तेवढाच तुकडा जुन्या बॉलपेनच्या नळीतून किंवा जाड पुठ्ठ्यातून कापा. मग डोळे मिटून, तो तुकडा लावून, दहा वेळा पाणी भरा. मित्राला प्रत्येक वेळी आकडा वाचायला सांगा. वाचताना त्याचा डोळा रेघेच्या समोर असावा. किती वेळा ३ आले आणि चुकले तेव्हा कशामुळे चुकले, ते वहीत लिहून आणा.