शेततळ्यातला मासा : बीज कमी सोडा, वजन जास्त घ्या

शेततळ्यात पाणी आहेच, तर दोन पैशांचे मासेही होतील, असे वाटत असेल तर बीजवाल्याला फोन करण्याआधी एक गोष्ट बघा. तुमच्या तळ्यात एप्रिलअखेर किती पाणी उरते? मासे किती सोडायचे ते या पाण्यावर ठरते. सप्टेंबरमध्ये काठोकाठ भरलेले तळे बघून हिशेब केला तर तो हमखास चुकतो.

नेहमीचे ३० बाय ३० मीटरचे, ३ मीटर खोल तळे घ्या. बाजूंना एकास एक उतार असेल तर ते भरल्यावर सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर पाणी बसते. पाणी दीड मीटरवर आले की त्यातले हजार घनमीटरही उरत नाही. खोली निम्मी होते, पाणी निम्म्याहून कमी होते. द्राक्ष-डाळिंबाला पाणी जाते, शिवाय उन्हाने दिवसाला जवळजवळ सेंटिमीटरभर पाणी उडते. दीड मीटरच्या खाली पाणी जाणार असेल तर मासे त्याआधीच विकायचे, हे आत्ताच ठरवा.

आता मुख्य मुद्दा. एखादे तळे ठरावीक किलोच मासा पोसते. ते किलो चारशे माशांत वाटायचे की नऊशे, एवढेच तुमच्या हातात असते. बीजवाला नेहमी नऊशे सांगतो, कारण त्याची विक्री नगावर होते आणि तुमची किलोवर.

दोन्ही हिशेब मांडून बघा. दर मी धरलेले आहेत, तिथे तुमच्या भागातले घाला. पहिला हिशेब चारशे माशांचा. एक वर्ष वाढवलेले बीज १० रुपये नगाने ४,००० रुपये. त्यातले ८० टक्के जगले आणि किलोचे झाले तर ३२० किलो मासा. किलोभर माशाला पावणेदोन किलो खाद्य धरले तर ५६० किलो, ४५ रुपये दराने २५,२०० रुपये. चुना-शेण १,०००, पक्ष्यांसाठी जाळी-दोऱ्या १,५००, जाळे ओढायची मजुरी ३,०००. एकूण ३४,७०० रुपये. बांधावर १३० रुपये किलो मिळाले तर ४१,६०० येतात, हातात ६,९०० उरतात.

दुसरा हिशेब नऊशे लहान बोटुकलींचा, ३ रुपये नगाने. जगतात सत्तर टक्के, म्हणजे ६३०, आणि वाढतात अर्ध्या किलोपर्यंत. मासा ३१५ किलो, म्हणजे जवळजवळ तेवढाच. खाद्य २४,८००, बीज २,७००, बाकीचा खर्च तोच ५,५००. एकूण ३३,००० रुपये. पण अर्ध्या किलोच्या माशाला भाव कमी. ९० रुपये धरले तर २८,३५० मिळतात. साडेचार हजारांहून जास्त खिशातून गेले.

म्हणून निव्वळ माशांसाठी एवढे तळे खोदू नका. खोदाई आणि प्लास्टिक कागदाचा खर्च हा मासा फेडत नाही. बागेसाठी तळे आहेच, तर हे वरचे उत्पन्न.

बीज कधी, कुठे? जुलै ते सप्टेंबर. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय या कार्यालयात शासकीय मत्स्यबीज केंद्रांची माहिती आणि दर मिळतात. खासगी केंद्रातून घेणार असाल तर दोन्ही दर विचारा. मत्स्यजिरे किंवा अर्धबोटुकली स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. ती वाढवायला वेगळे संगोपन तळे लागते, तुमच्या मोठ्या तळ्यात ती बेडूक, किडे आणि बगळे खातात. उन्हाळ्यात पाणी आटणाऱ्या तळ्याला एक वर्ष दाटीत खुंटवून ठेवलेले, पन्नास ते शंभर ग्रॅमचे बीज उत्तम. मोकळे पाणी आणि खाद्य मिळाले की ते झपाट्याने वाढते आणि होळीच्या सुमारास विकायला येते.

लहान बीजाची मोजणी वाटीने किंवा गाळणीने होते. एक वाटी मोजतात आणि वाट्यांच्या संख्येने गुणतात. मोजायची वाटी तुम्ही निवडा, तीही मधली, आणि स्वतः मोजा. पहिली वाटी नेहमी दाबून भरलेली असते. जातीही तपासा. कतल्याचे डोके मोठे आणि तोंड वर वळलेले असते, रोहूचे ओठ जाड आणि झालरदार, मृगळाचे तोंड खालच्या बाजूला. कतला सांगून मृगळ भरून देणे हा जुना धंदा आहे. प्लास्टिक कागदाच्या तळ्यात तळाला चिखल नसतो, त्यामुळे तळाशी चरणाऱ्या मृगळाला तिथे खाणे कमी मिळते. दहात चार कतला, चार रोहू, दोन मृगळ एवढे प्रमाण पुरते.

‘झपाट्याने वाढतो, काहीही खातो’ असे सांगून कोणी मांगूर देऊ लागला तर परत पाठवा. थाई मांगूर म्हणून विकल्या जाणाऱ्या आफ्रिकी माशाच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे. कार्यालयाला कळले तर साठा नष्ट करतात, भरपाई मिळत नाही. तिलापियालाही आधी परवानगी लागते.

पिशवी आणली की लगेच ओतू नका. वीस मिनिटे ती तळ्यावर तरंगत ठेवा, मग तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घाला आणि मासे आपणहून बाहेर जाऊ द्या. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. भर दुपारी सोडलेले बीज दुसऱ्या दिवशी काठाला पांढरे पोट करून दिसते.

खाद्य हा सगळ्यात मोठा खर्च, तिथेच लक्ष घाला. तरंगत्या गोळी-खाद्याच्या पोत्यावर प्रथिने किती टक्के ते वाचा. रोहू-कतल्याला २८ टक्के भरपूर झाले. त्याहून महाग पोते दुकानदाराच्या फायद्याचे. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा सम प्रमाणात, भोके पाडलेल्या पिशवीत भरून बांबूला टांगला तरी चालतो, पण पेंडीला बुरशीचा वास आला तर टाकून द्या. एका वेळी महिन्याचेच खाद्य आणा.

किती द्यायचे? महिन्यातून एकदा पाग टाकून पंधरा-वीस मासे काढा, बादलीत वजन करा, सरासरी काढा. सरासरी ३०० ग्रॅम आणि मासे ३२० असतील तर तळ्यात ९६ किलो मासा आहे. त्याच्या तीन टक्के, म्हणजे रोज तीन किलोच्या आतबाहेर, दोन वेळांत विभागून. अर्ध्या किलोपुढे दोन टक्के. पंधरा-वीस मिनिटांनी गोळ्या पाण्यावर तशाच तरंगत असतील तर दुसऱ्या दिवशी कमी करा. आभाळ भरलेल्या दिवशी खाद्य बंद. वजन न करता अंदाजाने घमेले ओतणाऱ्याचा नफा तळाशी जाऊन कुजतो.

पाण्याची तपासणी फुकटात होते. हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. तळवा अंधूक दिसेनासा झाला तर पाणी योग्य हिरवे आहे. स्वच्छ दिसला तर नैसर्गिक खाद्य कमी, ताज्या शेणाचे पोते एका कोपऱ्यात टांगा. मनगटाशीच दिसेनासा झाला तर शेण आणि खाद्य दोन्ही थांबवा. एक छुपा खर्च इथे आहे, तो कोणी सांगत नाही: हिरव्या पाण्याने ठिबकचा फिल्टर लवकर चोंदतो. सँड फिल्टर नसेल तर धुण्याची मजुरी हिशेबात धरा, किंवा शेण टाकूच नका आणि गोळी-खाद्यावरच मासा वाढवा. मोटरच्या फूटव्हॉल्व्हला बारीक जाळी बांधा, नाहीतर लहान मासे पाइपात जातात.

पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसले तर तो रोग समजून औषधाला पळू नका. पाण्यातला प्राणवायू कमी झाला आहे. मोटर चालू करा आणि तळ्याचेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे तळ्यात सोडा. त्या दिवशी खाद्य नाही. एवढ्याने बहुतेक वेळा भागते. अंगावर लाल चट्टे, चिकटलेल्या उवा, कुजलेली शेपटी दिसली तर दोन मासे पिशवीत घालून मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. दुकानदाराने दिलेले प्रतिजैविक घालू नका. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारखी औषधे मत्स्यपालनात बंदच आहेत.

रोगापेक्षा मोठा शत्रू तुमचीच फवारणी. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके माशांना अत्यंत विषारी, बोर्डो मिश्रणातले तांबेही घातक. वारा तळ्याकडे वाहत असताना फवारू नका आणि पंपाची टाकी तळ्याच्या पाण्यात कधीही विसळू नका. एका टाकीच्या धुवणाने वर्षाचा मासा जातो.

कागदाला जपा. मासे काढताना मजूर बूट घालून उतरला, जाळ्याला लोखंडी वजने असली की कागद फाटतो, आणि त्याचे वेल्डिंग माशाच्या नफ्यातून जाते. नवा कागद घेत असाल तर ५०० मायक्रॉन आणि आयएस १५३५१ हा शिक्का बघा. दर सांगताना दुकानदार बहुधा नुसत्या कागदाचा सांगतो. वाहतूक, जीएसटी, जोडकाम आणि काठावर कागद दाबायच्या चराची मजुरी धरून एकच आकडा कागदावर लिहून घ्या.

आता सरकारी मदत. स्वतःच्या शेतातल्या स्वतःच्या तळ्यात देशी मासे वाढवायला कोणताही ठेका लागत नाही. ठेका गावतलाव, पाझर तलाव यांना लागतो. वैयक्तिक शेततळ्याला मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत आकारमानानुसार जास्तीत जास्त ७५,००० रुपये मिळतात. अर्ज महाडीबीटीवर. सातबारा, आठ-अ, आधार, आधारशी जोडलेले बँक खाते, शेतकरी ओळखपत्र आणि लागू असेल तर जातीचा दाखला तयार ठेवा. अर्जाचे शुल्क २३ रुपये ६० पैसे. ‘मंजुरी काढून देतो’ म्हणून कोणी हजार मागत असेल तर ते त्याच्या खिशात जातात. पूर्वसंमतीचे पत्र हातात येण्याआधी जेसीबी लावू नका, आधी खोदलेल्या तळ्याला अनुदान मिळत नाही.

खास मत्स्यपालनासाठी २०२० मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आहे. प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. मात्र एका तळ्याला दोन योजनांचे पैसे नाहीत आणि रक्कम काम झाल्यावर येते. आधीचा पैसा तुमचाच. अर्ज चालू आहेत का ते सहायक आयुक्तांच्या कार्यालयातच विचारा, एजंटाला नको. खाद्यासाठी खेळते भांडवल हवे असेल तर किसान क्रेडिट कार्ड मत्स्यपालनालाही मिळते आणि १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत तारण लागत नाही. बँक तारण मागत असेल तर नकार लेखी मागा.

विक्री एकदम करू नका. फेब्रुवारीपासून मोठे मासे आधी काढा. जागा मोकळी झाली की मागे राहिलेले भरतात. रविवार, बुधवार, शुक्रवार हे आपल्याकडे मासळी-मटणाचे वार, त्या सकाळी बांधावर थेट गिऱ्हाईक मिळते आणि आडत, हमाली वाचते. मार्गशीर्षातले गुरुवार आणि श्रावण टाळा. व्यापारी येणार असेल तर दर, घट किती कापणार आणि काटा कोणाचा, या तीन गोष्टी जाळे टाकण्याआधी ठरवा. मासा एकदा पाण्याबाहेर आला की भाव व्यापारीच ठरवतो.

शेवटचा खर्च सगळ्यात स्वस्त आहे आणि बहुतेक तळ्यांवर तोच दिसत नाही. ओल्या, शेवाळलेल्या कागदावरून पोहता येणारा माणूसही वर चढू शकत नाही. शेततळ्यांत दरवर्षी माणसे आणि लहान मुले अशीच बुडतात, आणि मासे असले की मुले हमखास येतात. चारही बाजूंना गाठी मारलेला जाड नायलॉन दोर वरच्या खुंट्यापासून तळापर्यंत सोडा, हवा भरलेली ट्यूब काठावर बांधून ठेवा आणि कुंपणाच्या फाटकाला कुलूप लावा. बीजाची गाडी यायच्या आत हे काम उरका.