आईसोबत दोन दिवस: महालक्ष्मी, केळवे, तारापूर

प्रश्न: चैत्रात भावाकडे बोईसरजवळच्या सरावलीला येतोय. सोबत आई आहे, गुडघ्यांचं दुखणं आहे. देवदर्शन आणि समुद्र दोन्ही जमेल का?

उत्तर: नक्की जमेल. पहिला दिवस डहाणूच्या महालक्ष्मीसाठी ठेवा. मंदिर विवळवेढे गावात, मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत आहे. देवीचं मूळ स्थान डोंगरावर. चढताना गरोदर भक्तिणीला घेरी आली, तेव्हा देवीच पायथ्याशी उतरली, अशी लोककथा आहे. म्हणून आईला वर नेण्याचा हट्ट नको. खालचं दर्शनही पूर्णच. चैत्र पौर्णिमेपासून सुमारे पंधरा दिवस यात्रा भरते, आदिवासी बांधव मोठ्या संख्येने येतात. गर्दी टाळायची असेल, तर पौर्णिमेआधी किंवा भल्या सकाळी जा.

दुसऱ्या दिवशी बोईसरहून लोकलने केळवे रोड गाठा. पुढे रिक्षा मिळते. शीतलादेवीचं मंदिर समुद्राजवळच आहे. दर्शन घेऊन सुरूच्या सावलीत आईला निवांत बसवा.

परतल्यावर वेळ उरला, तर तारापूरचा किल्ला पाहा. जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून लढून घेतला. ऊन कडक असतं. पाणी आणि टोपी विसरू नका, किनाऱ्यावर कचराही टाकू नका.