पायरीवरील नाव

लातूर जिल्ह्यातील औसा हे किल्ल्याचे गाव आहे. तेथील किल्ला भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवर बांधलेला आहे. शत्रूला सहज जवळ येता येऊ नये म्हणून त्याच्या भोवती खंदक खोदलेला आहे. उदगीर व कंधार येथील किल्लेही याच प्रकारचे. औशातील एका वृद्ध गवंड्याचा नातू या किल्ल्याच्या तटाकडे पाहत लहानाचा मोठा झाला होता. इतिहासाच्या पुस्तकात त्याने रायगडाची हकीकत वाचली, तेव्हा डोंगरावरचा किल्ला कसा असतो हे पाहण्याची त्याला फार ओढ लागली.

दिवाळीच्या सुट्टीत रायगडास जाण्याचा बेत ठरला. आजोबा, आजी, आई, वडील आणि दोघे बहीणभाऊ अशी सहा माणसे निघाली. निघण्याच्या आदल्या दिवशी मुलगा आपल्या मित्रांना म्हणाला, "मी गडावरच्या दगडावर माझे नाव कोरून येणार. तुम्ही कधी तेथे गेलात, तर ते तुम्हांला दिसेल." आणि घरातील अवजारांच्या पेटीतून एक लांब खिळा काढून त्याने तो कोणाच्या नकळत खिशात टाकला.

रेल्वेने पुणे, तेथून एस.टी.ने घाट उतरून महाड आणि महाडहून पाचाड असा प्रवास झाला. पाचाड हे गडाच्या पायथ्याचे गाव. तेथे जिजामातेची समाधी आहे. आपल्या पुत्राचा राज्याभिषेक डोळे भरून पाहिल्यावर थोड्याच दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, त्या माउलीने देह ठेवला. आजीने समाधीवर फुले वाहिली आणि सर्वांनी नमस्कार केला.

आजीचे गुडघे दुखत असल्यामुळे ती व आई रोपवेने वर गेल्या. बाकीची मंडळी पायऱ्यांच्या वाटेने चढू लागली. पायऱ्या सुमारे दीड हजार! थोडे वर गेल्यावर मुलाने विचारले, "आबा, या किल्ल्याचा खंदक कोठे आहे?"

आजोबा थांबले. खालच्या दरीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हा पाहा. आपल्या औशाला माणसांनी खणला, येथे निसर्गानेच खणून ठेवला आहे."

महादरवाजापाशी येताच आजोबांनी बुरुजाच्या दगडांवरून हात फिरवला. दोन बळकट बुरुजांच्या आड तो दरवाजा असा दडवला आहे, की अगदी जवळ येईपर्यंत तो दिसत नाही. चाल करून येणारा शत्रू वळणावर अडखळावा आणि वरून त्याच्यावर मारा करता यावा, अशी ही योजना. "ज्याने हे बांधले, त्याने आधी शत्रूच्या डोळ्यांनी पाहिले असेल," आजोबा म्हणाले.

गडमाथ्यावर पोहोचल्यावर सर्वांनी गंगासागर तलाव पाहिला. नंतर मंडळी राजसभेत आली. याच जागी ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या सोहळ्यास उपस्थित होता. येथेच ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाले. पुढे १८१८ साली इंग्रजांनी गडावर तोफांचा भडिमार केला. त्या वेळी लागलेल्या आगीत येथील वाडे जळाले. आता उरले आहेत ते चौथरे आणि भिंती.

त्या भग्न भिंतींमधून जाताना मुलगा मुद्दाम मागे रेंगाळला. एका दगडावर कोणी कोणी आपली नावे कोरलेली त्याला दिसली. त्याने खिळा काढला आणि पहिल्या अक्षराची उभी रेघ दगडावर ओढली. इतक्यात त्याच्या खांद्यावर हात पडला. मागे आजोबा उभे होते.

मुलाला वाटले, आता बोलणी बसणार. परंतु आजोबा रागावले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "आधी जगदीश्वराचे दर्शन घेऊन येऊ. उरलेले अक्षर पुरे करायचे की नाही, ते मग तूच ठरव."

बाजारपेठेच्या दोन रांगा ओलांडून सारे जगदीश्वराच्या मंदिरापाशी आले. आजोबा प्रवेशाच्या पायरीजवळ वाकले. "हे वाच," ते नातवाला म्हणाले. दगडावर लहानशी अक्षरे होती. सेवेसाठी सदैव तत्पर असलेला हिरोजी, एवढाच त्यांचा आशय होता.

"हा हिरोजी कोण?" मुलाने विचारले.

"हिरोजी इंदुलकर. महाराजांच्या आज्ञेवरून त्याने हा गड उभारला. मंदिराच्या भिंतीत एक संस्कृत शिलालेख आहे. त्यात वाडे, विहिरी, तलाव अशी त्याने केलेली कामे सांगितली आहेत. पण स्वतःच्या हौसेने त्याने आपले नाव कोठे ठेवले, ते पाहा. महाराज दर्शनाला येतील, तेव्हा त्यांची पायधूळ या दगडाला लागावी, एवढीच त्याची इच्छा होती, अशी आख्यायिका सांगतात."

मुलगा त्या पायरीकडे पाहतच राहिला. एवढा मोठा गड ज्याने बांधला, त्याचे नाव लोकांच्या पायांखाली होते. आणि ज्याने एकही दगड रचला नव्हता, तो भिंतीवर नाव कोरू पाहत होता! थोड्या वेळाने त्याने हळूच विचारले, "आबा, तुम्ही इतकी घरे बांधलीत. तुमचे नाव कोठे आहे?"

आजोबा हसले. "३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसे गेली. पुढे नवी गावे वसवली, तेव्हा मी तेथे कामाला होतो. प्रत्येक भिंत बांधताना मनात एकच विचार असे, की हिच्याखाली पुन्हा कोणी सापडू नये. त्या घरांतून आज माणसे सुखाने झोपतात. माझे नाव तेथे नाही, आणि त्याचे मला काही वाटत नाही."

मंदिरासमोरच महाराजांची समाधी आहे. कित्येक वर्षे ती दुर्लक्षित होती. १८९५ साली लोकमान्य टिळकांनी तिच्या जीर्णोद्धारासाठी चळवळ सुरू केली. लोकांनी वर्गणी दिली, आणि विसाव्या शतकात समाधीवर छत्री उभी राहिली. २०२५ साली युनेस्कोने रायगडासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या अष्टकोनी चौथऱ्यापुढे सारे हात जोडून उभे राहिले. कोणी काही बोलले नाही.

परतताना मुलाने खिळा आजोबांच्या हातात दिला. "आबा, मी ओढलेली ती रेघ पुसता येईल का?"

"नाही बाळा," आजोबा म्हणाले, "दगडावरची रेघ पुसली जात नाही. तेवढी लक्षात ठेव, म्हणजे झाले."

सुट्टी संपली. शाळा भरली. मित्रांनी त्याला गराडा घातला. "काय रे, कोरलेस का तुझे नाव?"

"एक रेघ ओढली, आणि तीही ओढायला नको होती," तो म्हणाला. मग त्यांना जवळ बसवून तो हिरोजीच्या पायरीची गोष्ट सांगू लागला.