थंडी आणि कोरड एक मानू नकोस

चि. सोनू हिस,



तुझं पत्र मिळालं. फ्रीझ ड्राय केलेल्या लॅक्टोबॅसिलसच्या कुप्या उघडल्या तर निम्म्याहून अधिक पेशी मेलेल्या, आणि त्याचं खापर तू व्हॅक्यूम पंपावर फोडते आहेस. पंप तपासून घे, पण त्याआधी पेशीपटलाचा विचार कर. प्रतिकूल परिस्थितीत जिवाणू पेशीपटल बदलतात, एवढं लिहून परीक्षेत गुण मिळतात. प्रयोगशाळेत त्यावर भागत नाही, कारण थंडीचं संकट वेगळं आणि कोरडेपणाचं वेगळं.

आधी थंडी. डिसेंबरात खोबरेल बाटलीत थिजतं आणि शेंगदाण्याचं तेल वाहतं राहतं. खोबरेलातल्या संपृक्त मेदाम्लांच्या सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटतात. दुहेरी बंधामुळे वाकलेल्या साखळ्यांना ते जमत नाही. पेशीपटलही मेदाम्लांचंच. ते थिजलं की त्यात बसलेली प्रथिनं अडकून पडतात आणि पेशीची देवाणघेवाण थांबते. म्हणून जिवाणू साखळ्यांचं मिश्रण सतत बदलत राहतो. वेगवेगळ्या तापमानांना वाढवलेल्या ई. कोलायच्या पेशीपटलाचा प्रवाहीपणा त्या त्या तापमानाला जवळजवळ सारखाच राहतो, हे सिनेन्स्की यांनी 1974 मध्ये दाखवलं. तो निबंध मुळातून वाच.

हे साधण्याच्या तऱ्हा मात्र जिवाणूगणिक निराळ्या, आणि मला त्यातच खरी गोडी वाटते. ई. कोलायमध्ये फॅब-एफ नावाचं विकर आधीपासून हजर असतं. तापमान उतरलं की त्याचा जोर वाढतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आत असंपृक्त मेदाम्लाचं प्रमाण चढू लागतं. नव्या जनुकाची वाट पाहावी लागत नाही. बॅसिलस सबटिलिस तयार साखळीतच दुहेरी बंध घालतो. त्यासाठी पटलात रुतलेलं डेस-के हे प्रथिन पहारा देतं. थंडीत साखळ्या ताठ होतात, पटल किंचित जाड होतं. डेस-के ती जाडी ओळखून आत निरोप धाडतं आणि बंध घालणारं विकर तयार होऊ लागतं. अर्जेंटिनातल्या रोझारिओ शहरी डी मेंडोझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उलगडलं. लिस्टेरिया या अन्नातून बाधा करणाऱ्या जिवाणूची रीत तिसरीच. तो दुहेरी बंधांच्या वाटेला फारसा जात नाही, फाटे फुटलेल्या आखूड साखळ्या वाढवतो. फ्रीजच्या 4 अंशांनाही तो वाढतो, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे. गरोदर बायकांना मऊ चीज आणि तयार मांसाबद्दल डॉक्टर सावध करतात ते उगीच नाही.

आता कोरडेपणा. इथे तापमान तेच असतं, पाणी निघून जातं. पटल ज्या फॉस्फोलिपिड रेणूंचं बनलेलं असतं, त्यांच्या साखळ्या आत आणि डोकी बाहेर असतात. या डोक्यांमध्ये पाण्याचे रेणू बसलेले असतात. ते गेले की डोकी जवळ येतात, साखळ्या दाटतात आणि पटल खोलीच्या तापमानालाही थिजतं. डीपीपीसी या लिपिडचं उदाहरण घे. पाण्यात ते 41 अंशांना वितळतं, सुकल्यावर वितळणबिंदू 100 च्या पुढे जातो. ट्रेहॅलोज घालून सुकवलं तर तोच 24 च्या आसपास उतरतो. क्रो दांपत्याने यावरून मांडलं, की ही शर्करा पाण्याच्या जागी बसून डोकी दूर ठेवते. कितीतरी जिवाणू सुकण्याआधी ट्रेहॅलोज साठवतात ते याचसाठी.

घात बहुधा पुन्हा ओलं करताना होतो. थिजलेलं पटल पाणी मिळताच वितळू लागतं, त्या संक्रमणात गळतं आणि आतला माल बाहेर पडतो. सुकं यीस्ट गार पाण्यात न टाकता कोमट पाण्यात भिजवतात ते यासाठीच. तू मात्र कुपीत फ्रीजमधलं गार द्रावण ओतलंस, असं तुझ्याच पत्रात आहे.

आणखी एक सांगते. थंडीत उपयोगी पडणारे दुहेरी बंध सुक्या साठवणीत प्राणवायूला बळी पडतात. कमी तापमानाला वाढवलेले काही लॅक्टोबॅसिलस गोठणं अधिक चांगलं सोसतात, म्हणून ते कपाटात महिनोन्महिने टिकतीलच असं धरून चालू नकोस. वाढ थांबल्यावर बरेच जिवाणू त्या बंधांचं सायक्लोप्रोपेनच्या कड्यात रूपांतर करतात. भर वाढीतली पेशी आणि थांबलेली पेशी सुकवताना सारखी वागत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे. तू पेशी कोणत्या टप्प्यावर काढल्यास, हे पत्रात कुठेच नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. शक्य झालं तर तिथे जाऊन ये. कुप्या कशा जपतात आणि कशा उघडतात, ते त्या कामात मुरलेल्या माणसांकडून समजून घे.

पुढच्या खेपेला नोंदवहीत चार गोष्टी लिही: वाढीचं तापमान, पेशी काढल्याची वेळ, सुकवताना कोणती शर्करा किती घातली, आणि भिजवण्याच्या द्रावणाचं तापमान. एका वेळी एकच बदल कर, आणि आकडे मला पाठव.

तुझी,
आत्या