शहाडच्या परिसरातील सहली : महामारीनंतरचे जवळचे पर्यटन

सुटीत कोठे जावयाचे, हा निर्णय 2020 साली प्रवाशाच्या हाती राहिला नव्हता. त्या वर्षी 23 मार्चपासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबली. ती पूर्ववत सुरू होण्यास 27 मार्च 2022 हा दिवस उजाडावा लागला. देशांतर्गत विमाने मात्र 25 मे 2020 पासूनच उडू लागली. परदेशाचे बेत मागे पडले आणि लोकांचा ओढा देशातील, विशेषतः एका दिवसात जाऊन येता येईल अशा स्थळांकडे वळला.

अशा स्थळांची शहाडच्या आसपास वाण नाही. येथील विठ्ठलाचे बिर्ला मंदिर सर्वपरिचित आहे. टिटवाळ्याचा गणपती रेल्वेने दोन स्थानके पुढे, अंबरनाथचे 1060 सालचे शिलाहारकालीन शिवमंदिर जवळच, आणि मुरबाडचा रस्ता पुढे माळशेज घाटात जातो. तथापि राज्यातील मंदिरे 16 नोव्हेंबर 2020 पर्यंत बंद होती. लोकल गाड्या सर्व प्रवाशांना, त्याही ठराविक वेळांत, खुल्या झाल्या त्या 1 फेब्रुवारी 2021 रोजी. त्यामुळे सहल ही ज्याच्या दारी वाहन आहे त्याचीच झाली. रेल्वेच्या पासावर सारे फिरणे भागविणाऱ्या उल्हासनगरच्या कामगार कुटुंबास टिटवाळाही महाबळेश्वराइतकाच दूर झाला. देशांतर्गत पर्यटन वाढले असे म्हणताना ही बाब सहसा नोंदली जात नाही.

वाहनवाल्यांची गर्दी वळली ती बदलापूरजवळील कोंडेश्वर, बारवी धरणाचा परिसर अशा मोकळ्या जागांकडे. पावसाळ्यात जिल्हा प्रशासनास अशा ठिकाणी बंदीचे आदेश काढावे लागले. धबधब्याखालील डोह वरून उथळ भासतो. डोंगरात सर कोसळली की पाणी पाहता पाहता चढते. गावच्या गुराख्यास हे ठाऊक असते, शहरातून आलेल्या तरुणास नसते. बुडालेल्याचा शोध घेण्यास पाण्यात उतरतात तेही बहुधा गावचेच लोक. शिवाय बारवीचे पाणी परिसरातील शहरे पितात, आणि कचरा टाकणारेही बव्हंशी त्याच शहरांतले!

या वर्दळीतून गावाच्या पदरी काय पडले? शासनाने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण स्वीकारले. त्यानुसार शेतकऱ्यास आपले केंद्र पर्यटन संचालनालयाकडे नोंदविता येते. ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 124 मध्ये यात्रेकरूंवरील कर व गाडीतळावरील फी यांचीही तरतूद आहे. या अधिकाराचा विचार पंचायतींनी पावसाळ्यापूर्वीच्या सभेत करावा. डोहाची खोली सांगणारा फलक, चार दोर आणि हवा भरलेल्या ट्यूबा, एवढा खर्च गाडीतळाच्या एका मोसमातील फीतून भागावा.