मुले कोणाकडे पाहतात?

(शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी)

वर्गातील एखाद्या मुलाला इतर मुले टोपणनावाने हिणवितात, खेळात घेत नाहीत, त्याचा डबा लपवितात. शिक्षक रागे भरतात, मुले माना खाली घालतात, आणि शिक्षकांची पाठ वळताच तोच प्रकार पुन्हा सुरू होतो.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एलिझाबेथ लेव्ही पॅलक ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२-१३ साली ५६ शाळांत एक प्रयोग केला. गेल्या काही आठवड्यांत तुम्ही कोणाबरोबर वेळ घालविला, असे त्यांनी सर्व मुलांना विचारले. पुष्कळांनी ज्यांची नावे लिहिली ती मुले अशी कळून आली. मग चिठ्ठ्या टाकाव्यात त्या रीतीने निम्म्या शाळा निवडल्या व तेथे २० ते ३२ मुलांचे गट केले. काय करावयाचे हे मोठ्यांनी पढविले नाही. आपल्या शाळेत कोणते त्रास चालतात ते मुलांनीच सांगितले, स्वतःचे फोटो घालून भित्तिपत्रके लावली, आणि कोणी चांगुलपणाने वागताना किंवा भांडण सोडविताना दिसला की त्याला मनगटात घालावयाचा नारिंगी पट्टा दिला. वर्षभरात त्या शाळांत मुलांच्या भांडणतंट्यांच्या नोंदी सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या.

ज्यांच्याकडे इतरांचे लक्ष असते अशी मुले ज्या गटांत अधिक होती, तेथे फरक जास्त पडला. हे आपल्याला जरा बोचणारे आहे. आपण पुढे करतो ती वचने तोंडपाठ असलेली शांत मुलगी. ती गुणी खरीच. पण मागच्या रांगेतला जो हसला की सगळे हसतात, तो एकदा हसला नाही तर चेष्टेतली गंमतच जाते. त्याला पहारेकरी किंवा चहाडखोर मात्र करू नका.

येत्या रविवारी प्रत्येक मुलाला चिठ्ठीवर तीन सोबत्यांची नावे लिहावयास सांगा. ती वर्गात वाचू नका, घरी मोजा. ज्यांची नावे अधिक आली त्या दोघातिघांना बोलावून विचारा, आपल्यात कोणाला एकटे वाटत असेल? उपाय त्यांनाच सुचवू द्या. मारहाण होत असेल किंवा पैसे उकळले जात असतील, तर ते ओझे मुलांवर न टाकता पालकांना व मुख्याध्यापकांना भेटा.

चिठ्ठ्या फाडण्याआधी आणखी एकदा पाहा. ज्याचे नाव एकाही चिठ्ठीवर नाही, त्याच्या शेजारी पुढच्या रविवारी कोण बसेल, हेही त्या दोघातिघांनाच विचारा.